चार लाखाला टेकलेली पिकअप आणि दोनशे ऐंशीचा पट्टा

परवा ओतूरला टपरीवर एकाने विचारलं, तुमची ती पांढरी पिकअप अजून चालते का? म्हटलं चालते म्हणजे काय, कालच कल्याणला माल टाकून आलो. मीटर ३,८७,००० दाखवतंय आणि मधे दीडेक वर्ष मीटरची केबल तुटलेली होती ती मी बसवलीच नव्हती, त्यामुळे खरा आकडा चार लाखाच्या वरच असणार. २०११ चं मॉडेल, बीएस थ्री (धुराच्या जुन्या नियमाचं), जुन्या मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन, सेन्सर बिन्सर भानगड नाही. मग त्याने सगळे विचारतात तोच प्रश्न विचारला, इंजिन किती वेळा उतरवलं, म्हणजे खोलून दुरुस्त केलं? एकदा. २,६०,००० ला. आता परत थोडं ऑइल खातंय पण अजून उतरवायच्या लायकीचं झालेलं नाही.

घरी येताना डोक्यात तेच चाललं होतं की लोकांना इंजिनाचंच पडलेलं असतं. माझ्या वहीत (आहे एक, सांगतो पुढे) बघितलं तर एवढ्या वर्षात इंजिनाने मला रस्त्यात उभं केलंय असं एकदाही नाही. गिअरबॉक्सने नाही, क्राउनने (मागच्या एक्सलमधले गिअर) नाही. उभं केलं ते फॅनच्या पट्ट्याने (फॅन बेल्ट), होज पाइपने, डिझेलच्या नळीने, ब्रेकच्या वॉशरने. सगळं रबर. लोखंड झिजायला किलोमीटर लागतात, रबराला काही लागत नाही, गाडी नुसती शेडमधे उभी असली तरी ते आपलं कुजत बसतं. आणि आपण सगळी सर्व्हिस किलोमीटरवर मोजतो.

मला हे कळलं ते माळशेजच्या माथ्यावर, रात्री पाऊण वाजता, पाठीवर पासष्ट क्रेट टोमॅटो असताना.

झालं असं की मढ सोडलं, पिंपळगाव जोगे धरण मागे टाकलं, गाडी मस्त चालली होती आणि घाट उतरायला लागायच्या जरा आधी डॅशबोर्डवर चार्जिंगची लाल लाइट लागली. मी म्हटलं आल्टरनेटर गेला वाटतं, जाऊदे, बॅटरी नवीन आहे, हेडलाइट कल्याणपर्यंत पुरतील, सकाळी बघू. काटा बघितला तर टेंपरेचर पण नॉर्मल. उताराला इंजिनावर लोडच नसतो ना, त्यामुळे पट्टा तुटून वॉटर पंप बंद पडला तरी काटा लगेच वर जात नाही आणि माणूस फसतो. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला पायाखाली दगड आला. पेडल खालीच जाईना! दोन्ही पायांनी दाबल्यासारखा जोर लावला तेव्हा कुठं गाडी जरा मंदावली.

कारण काय, तर आमच्या गाडीला, आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांना, ब्रेकच्या बूस्टरला (पायाच्या दाबाला जोर देणारा डबा) लागणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या मागच्या बाजूलाच बसवलेला असतो. पट्टा तुटला की फॅन बंद, पाणी फिरणं बंद, चार्जिंग बंद, आणि व्हॅक्यूम पण बंद. बूस्टरमधे साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेक पुरतो, नंतर सगळं आपल्या मांडीच्या ताकदीवर. ब्रेक फेल नसतात, पण टन-सव्वा टन माल पाठीवर असताना नुसत्या पायाने ब्रेक लावून बघा एकदा, सपाटीला बघा, घाटात नको. नशीब मी आधीच दुसऱ्या गिअरला होतो, आण्णांनी शिकवलेलं की ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरायचं, एवढ्या एका गोष्टीवर वाचलो. हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा होती तिथे घातली, चाकाला दगड लावले आणि मग पाय लटपटायला लागले.

वीसेक मिनिटांनी मागून अशीच एक पिकअप आली, कांद्याची. थांबला बिचारा. काय झालं दादा? म्हटलं पट्टा गेला. त्याने काही न बोलता सीट पुढे ओढली आणि मागून एक जुना पट्टा काढून हातात दिला, वर म्हणाला मी दर दोन वर्षांनी बदलतो, काढलेला टाकत नाही, असाच कोणालातरी लागतो. पैसे घेतले नाहीत. तेरा-चौदाच्या पान्याने आल्टरनेटर सैल करून मोबाइलच्या उजेडात पट्टा चढवेपर्यंत दोन वाजले, मार्केटला पोचेपर्यंत लिलाव उरकत आलेला, क्रेटमागे जे गेलं ते गेलं. आणि यात सगळ्यात लाज वाटायची गोष्ट म्हणजे आमच्या मिस्त्रीने महिनाभर आधी सांगितलेलं, पट्ट्याला खालून चिरा पडल्यात, बदलून टाक, २८० रुपयांची वस्तू आहे. मी म्हटलेलं पुढच्या सर्व्हिसला बघू. पुढच्या सर्व्हिसला अजून ३,००० किलोमीटर बाकी होते ना!

त्या दिवसापासून मी रबर कॅलेंडरवर टाकलंय. पट्टा आणि पाण्याचे सगळे होज एक दसरा सोडून दुसऱ्या दसऱ्याला, चांगले दिसत असले तरी. दसरा का, तर त्या दिवशी गाडी धुतली जातेच, पूजा असते, बॉनेट उघडलेलं असतं, विसरायला होत नाही. मधल्या काळात महिन्यातून एकदा पट्टा उलटा पिळून खालची बाजू टॉर्चने बघायची, वरून सगळेच पट्टे चांगले दिसतात. दोन पुल्यांच्या मधे अंगठ्याने दाबला की साधारण बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढा दबला पाहिजे, जास्त सैल असला तर सकाळी स्टार्ट केल्यावर ची ची करतो आणि लोक त्याच्यावर साबण चोळतात, काही अर्थ नाही त्याला. जास्त ताणला तर वॉटर बॉडीचं (म्हणजे वॉटर पंपाचं) बेअरिंग जातं.

होज पाइप बघायची पद्धत सोपी आहे, इंजिन गार असताना क्लॅम्पच्या जवळ दाबून बघायचं. कडक होऊन करकर वाजला तर गेला, लोण्यासारखा मऊ आणि फुगीर लागला तर त्याहून जास्त गेला. वरचा मोठा होज सगळे बघतात, खाली तो छोटा वळणाचा बायपासचा असतो तो कोणी बघत नाही आणि तोच फुटतो. रेडिएटरच्या झाकणात पण रबर आहे बरं का. ते झाकण प्रेशर धरतं म्हणून पाणी शंभरच्या वर वीसेक डिग्री जाईपर्यंत उकळत नाही, वॉशर सुकला की प्रेशर निघून जातं आणि गाडी चढाला उकळ्या मारते. लोक मग रेडिएटर खोलून साफ करून आणतात, दोन-तीन हजार घालवतात. आधी दीडशेचं झाकण बदला!

आणि पाण्यावरून आठवलं, बोअरचं पाणी घालू नका. आमच्याकडच्या बोअरला क्षार केवढा आहे तो घरच्या तांब्या-बादलीवर दिसतोच, तेच थर इंजिनाच्या आत बसतात. कूलंट घाला, त्यात मिसळायला डिस्टिल्ड वॉटर. आणि कोणी म्हणालं की थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील, तर त्याला हात जोडा. माझा काढला होता एका गॅरेजवाल्याने, मला न विचारता. सहा महिने गाडी थंडीत तापायलाच वीस किलोमीटर घ्यायची, ॲव्हरेज एक-दीडने पडलं आणि ऑइल काळं डांबर. डिझेल इंजिन गार ठेवायचं नसतं, योग्य गरम ठेवायचं असतं.

आता ब्रेक. याच्यावर जरा जास्त लिहितो कारण दोन ठिकाणी पैसे घालवून शिकलोय. प्रत्येक ट्रिपनंतर गाडी लावली की मी चारही चाकांच्या मधोमध हात लावून बघतो, हब किती गरम आहे ते. सवयच लागलीय, बायको हसते, म्हणते गाडीला ताप आलाय का बघतोय. पण एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर तिथे एकतर बेअरिंग जातंय नाहीतर ब्रेक धरून राहतोय. माझं पुढचं डावं चाक असंच गरम यायचं. एका ठिकाणी कॅलिपरचं (चाकावर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) किट बदललं, पॅड बदलले. आठ दिवसांनी परत तेच. परत नेली, परत किट. शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक उचलून हाताने फिरवून बघितलं, अडकलेलंच होतं. चेसीजवळ जिथे लोखंडी पाइप रबरी होजला जोडतो तिथला नट जरासा सैल केला, चाक तसंच घट्ट. मग कॅलिपरचा निप्पल उघडला, पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. म्हणाले, कॅलिपरमधे काही नाही रे, होज आतून सुजलाय. पाय दाबल्यावर जोराने ऑइल पुढे जातंय, सोडल्यावर मागे यायला वाट नाही. बाहेरून तो होज काळाकुळकुळीत, नव्यासारखा! मी तो घरी आणून ब्लेडने उभा चिरला, आतली नळी एवढी बारीक झालेली की माचिसची काडी जाईना.

तेव्हापासून चारेक वर्षांनी सगळे रबरी ब्रेक होज एकदम, आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते, पेडल स्पंजासारखं जमिनीला टेकतं. मी मृगाच्या आधी बदलतो, त्याच वेळेला मागच्या सिलेंडरांचे वॉशर, वायपर, सगळं. बूस्टर घरच्या घरी तपासता येतो: इंजिन बंद करून पाच-सहा वेळा पेडल मारायचं, कडक झालं की पाय तसाच दाबून धरून स्टार्ट मारायचा, पेडल पायाखाली जरा खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर व्हॅक्यूमची नळी, व्हॉल्व्ह, पंप, काहीतरी आहे. अर्ध्या मिनिटाचं काम, मी घाट उतरायच्या आधी हॉटेलवर चहाला थांबतो तिथून निघताना करतो.

डिझेलच्या नळ्यांचं दुखणं अजून वेगळं. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर वीस सेकंद ओरडतो, डिझेल चढवायचा हँड पंप मारला की लगेच चालू. सगळे म्हणणार पंप गेला, नोझल गेले, खर्च काढा. थांबा जरा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतलं डिझेल ओढणारा पंप) नळी ओढून घेण्याच्या बाजूला असते, तिला चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते, त्यामुळे खाली डाग शोधून काही सापडत नाही. मी ॲक्वेरियमवाल्याकडे मिळते तशी पारदर्शक नळी हातभर आणली, फीड पंपाच्या आधी तात्पुरती जोडली आणि इंजिन चालू करून बघितलं. बुडबुडे! सरळ दिसत होते, एकामागे एक मुंग्यांसारखे. टाकीवरचा क्लॅम्पजवळचा तुकडा चिरलेला निघाला. साठ रुपयांची नळी. पंपवाल्याने अंदाज सांगितलेला चौदा हजार. (ती पारदर्शक नळी नंतर काढून टाका, डिझेलने ती कडक होऊन तडकते, नुसती बघण्यापुरती.)

फीड पंपातच एक रबरी पडदा असतो, निदान आमच्यासारख्या डायफ्राम टाइप पंपात. तो फाटला तर डिझेल हळूहळू इंजिनाच्या ऑइलमधे उतरतं. म्हणून ऑइलची काडी रोज सकाळी बघायची ती फक्त कमी झालंय का म्हणून नाही, वाढलंय का हे पण बघायचं. जुनी गाडी ऑइल खाते हे सगळ्यांना माहीत असतं, ऑइल आपोआप वाढलं की माणूस खूश होतो, वा, खायचं बंद झालं! ते वाढलेलं डिझेल असतं, काडीला नाक लावा, लगेच कळतं. पातळ ऑइलवर बेअरिंगं जातात. आणि ऑइल दुधासारखं किंवा पिवळट चहासारखं दिसलं तर पाणी, मग गाडी चालू पण करू नका. नुसतं काळं असेल तर घाबरायचं कारण नाही, डिझेलचं ऑइल बदललं की दुसऱ्या दिवशी काळं होतंच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. मी १५ डब्ल्यू ४० ग्रेडचं ऑइल घालतो आणि ८,००० ला बदलतो, पुस्तकात काही का लिहिलेलं असेना, कारण त्या पुस्तकवाल्याने माळशेज चढला नसेल.

एअर फिल्टर ते टर्बो (इंजिनात जोराने हवा भरणारा पंखा) जो जाड रबरी होज आहे त्याचा क्लॅम्प सैल असेल तर फिल्टर असून नसल्यासारखा, रस्त्याची सगळी धूळ सरळ टर्बोत आणि तिथून पिस्टनच्या रिंगांवर. हा होज वरून झटकून पुसला तरी आतल्या घडीतली चीर दिसत नाही, ताणून बघावं लागतं. माझं २,६०,००० ला इंजिन उतरलं त्यामागे हाच होज होता असं मिस्त्रींचं म्हणणं, मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं. फिल्टरला हवा मारताना आतून बाहेर मारा, उलटी मारली तर धूळ कागदात अजून घट्ट बसते. आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर न्यूट्रलला राहू द्या, लगेच चावी फिरवून बंद केली तर टर्बोला ऑइल मिळायचं बंद होतं आणि तो अजून गरगरत असतो.

एक कबुली. पाच-सहा वर्षं मी दर वॉशिंगला खालून डिझेलचा स्प्रे मारून घ्यायचो. आमच्याकडे सगळेच मारतात, गंज लागत नाही, पाटे (खालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आवाज करत नाहीत, गाडी खालून चमकते. चमकते खरी, पण पाट्यांचे बुश, इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाउंडेशनं, शाफ्टच्या सेंटर बेअरिंगचं रबर, सगळं त्या डिझेलने फुगून सुटतं. गिअर टाकताना धडधड व्हायला लागली, इंजिन बंद करताना सगळी केबिन हलायची, तेव्हा फाउंडेशन उतरवलं तर रबर चिवड्यासारखं हातात आलं. आता साध्या पाण्याने धुतो आणि गंजासाठी चेसीला रंग मारतो, ग्रीस जिथे निप्पल आहे तिथेच.

टायरचं पण हेच, नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला असं नाही. बाजूला चार आकडे असतात, समजा २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मी सहा वर्षांवरचा टायर पुढे लावत नाही. स्टेपनीचा आकडा बघितलाय का कधी? माझ्या स्टेपनीचा बघितला तेव्हा हसायला आलं, गाडीबरोबर आलेली तीच होती.

लोखंडाचं काय करता असं विचाराल, तर फार काही नाही. हबला ४०,००० ला नवीन ग्रीस, शाफ्टच्या क्रॉसला महिन्याला ग्रीस गन, टप्पेट (व्हॉल्व्हची फट) २०,००० ला फुल्लर (फट मोजायची पट्टी) लावून, गिअरबॉक्स आणि क्राउनचं ऑइल वेळेवर, नोझल लाखभर किलोमीटरला टेस्टरवर. डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू पावसाळ्यात दर रविवारी ढिला करून काचेच्या बाटलीत घोटभर काढतो, पाणी असेल तर बुडाला वेगळं दिसतं. स्टार्टर मंद फिरला की बॅटरीवाल्याकडे पळण्याआधी इंजिन ते चेसीची अर्थ पट्टी काढून पॉलिश पेपरने घासतो, निम्म्या वेळा तेच असतं. क्लच विषयी एवढंच की चढाला अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका.

वही म्हणजे शंभर पानी, सन व्हायजरच्या मागे रबर बँडने अडकवलेली (परत रबर). त्यात तारीख, किलोमीटर, काय बदललं, कितीला, कुठून. पासिंगच्या आधी वाचतो, तिथे काय काय राहिलंय ते लगेच दिसतं. गेल्या वर्षी सगळं रबर मिळून ६,४०० झाले, मजुरी धरून. त्या एका रात्री टोमॅटोत याहून जास्त गेलं होतं.

या दसऱ्याला पट्टा बदलत होतो तर आण्णा शेजारी येऊन उभे. काढलेला पट्टा हातात घेतला, उलटा करून बघितला, एक चीर नाही. म्हणाले, चांगला पट्टा काढून टाकतोय, डोकं फिरलंय का तुझं? म्हटलं टाकत नाही, सीटमागे ठेवतोय. सीटमागे आधीचा एक होताच. मग हा काढलेला आण्णाच घेऊन गेले, कडबाकुट्टीला बसतो का बघतो म्हणून. लांबीला बसला नाही. आता गोठ्याच्या फाटकाला अडकवलाय, कडी मोडलीय ना तिथली.